नावापुढची अक्षरे

इंदूरमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला डॉक्टरांच्या दारावरील पाटी वाचण्याची सवय होती. नावापुढे जितकी अक्षरे अधिक, तितका विश्वास अधिक. त्यामुळे अमेरिकेत वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या नातीने मानसोपचाराची शाखा निवडली असून तिच्यापुढे दोन वाटा आहेत, असे सांगितले तेव्हा माझे मत तत्काळ ठरले.

आपल्याकडे एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचाराची एम.डी. ३ वर्षांची असते. तिकडे केवळ मानसोपचाराचे निवासी प्रशिक्षण ४ वर्षांचे आणि इंटर्नल मेडिसिनचे, म्हणजे शरीराच्या सर्वसाधारण वैद्यकाचे, ३ वर्षांचे. एकापाठोपाठ केल्यास ७ वर्षे जातात. परंतु काही रुग्णालयांत दोन्ही एकत्र गुंफून ५ वर्षांत पुरी करता येतात व दोन्ही शाखांच्या परीक्षांना बसता येते. बालरोग, मानसोपचार आणि बालमानसोपचार अशा तीन शाखा ५ वर्षांत शिकविणारी सोयही आहे. जागा मात्र फार थोड्या.

एकाच अधिक वर्षात दुसरी विद्या पदरी पडते, मग विचार कसला करायचा, असे मी म्हणाले. माझ्या आग्रहामागे केवळ पाटीचा मोह नव्हता. माझे धाकटे दीर तीस वर्षे स्किझोफ्रेनियाने आजारी होते. त्यांच्यावरील औषधांनी मन पुष्कळसे स्थिरावले, पण वजन वाढत गेले, तहान वाढली. मनाचे डॉक्टर म्हणत, हे फिजिशियनला दाखवा. फिजिशियन म्हणत, हा त्यांच्या मूळ आजाराचाच भाग आहे. मधुमेह उघडकीस आला तेव्हा पायाची जखम चिघळलेली होती. २००४ साली, वयाच्या ५६व्या वर्षी, भाऊजी हृदयविकाराने गेले. दोन दारांमधल्या ओसरीवर बसून राहिलेला असा तो माणूस. दोन्ही दारे उघडू शकणारा डॉक्टर आपल्या घरात निपजावा, ही माझी इच्छा होती.

नातीने ते शांतपणे ऐकून घेतले. "आजी, काकाआजोबांची गोष्ट एकट्या आपल्या घरातली नाही," ती म्हणाली. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात, आणि त्यांतील बहुतेकांना नेते ते शरीराचे दुखणे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले आहे. "पण रक्तातली साखर तपासायला दुसरी पदवी लागत नाही ग. ते आपले काम आहे असे मानणारे कुणीतरी लागते."

मग तिने समजावले. केवळ मानसोपचार शिकणाऱ्यालाही तेथे आरंभी किमान ४ महिने सर्वसाधारण वैद्यक आणि २ महिने मज्जाशास्त्र करावेच लागते. क्लोझापिन देताना रक्तपेशी मोजायच्या, लिथियम देताना थायरॉइड व मूत्रपिंडे पाहायची, हे सारे मानसोपचाराच्याच अभ्यासात येते. संयुक्त प्रशिक्षणाचे खरे मोल, तिच्या मते, ज्या वॉर्डात दोन्ही दुखणी एकाच खाटेवर येतात तेथे. परंतु त्यात शिकणाऱ्याला ठरावीक महिन्यांनी या विभागातून त्या विभागात जावे लागते. तिला ओढ होती ती एकाच रुग्णाला वर्षभर, दर आठवड्याला भेटत राहण्याची. "मला तेच जमते, आणि तेच करायचे आहे."

तेथे उमेदवार आपल्या पसंतीच्या जागांची क्रमवार यादी देतो, रुग्णालये उमेदवारांची देतात, आणि संगणक दोन्हींची जुळणी करतो. त्या जुळणीची रीत १९९८ पासून अशी आहे की उमेदवाराने चतुराई करून लाभ होत नाही. खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहिणे हेच हिताचे ठरते. ही रीत सुधारणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी होता आले. आपल्या घरांतील किती निर्णय अशा प्रामाणिक यादीने होतात, असा प्रश्न मला पडला. त्या यादीत आजीच्या दुःखासाठी रकाना नाही, आणि ते योग्यच आहे.

नातीने केवळ मानसोपचाराच्या दोन जागा वर लिहिल्या. संयुक्त प्रशिक्षणाची एकच जागा ठेवली, तीही तिसऱ्या क्रमांकावर, कारण त्या रुग्णालयात तसा सामाईक वॉर्ड आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल लागेल.

आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले आज अशा वळणावर असतील. त्यांना दोन पदव्या एकीपेक्षा बऱ्या, असे सांगण्याआधी, कोणत्या रुग्णाजवळ बसायला तुला आवडेल, एवढे विचारावे. मी नातीकडे मागणे मागितले ते एकच : रुग्णाच्या मनाची चौकशी झाल्यावर त्याची पावलेही पाहत जा. ती "हो" म्हणाली.