दर्या बंद होतो तेव्हा

उर्दूच्या तासाला 'मौसम' शब्द आला की मी फळ्यावर तीन शब्द शेजारी शेजारी लिहितो: मौसम, मोसम, मान्सून. मूळ शब्द अरबी, मौसिम. त्याचा अर्थ ठरलेली वेळ. जत्रेची, हंगामाची, गलबत हाकारण्याची. अरब खलाशांकडून तो पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे इंग्रजीत मान्सून झाला. मुलांना वाटते मान्सून म्हणजे पाऊस. मुळात तो वेळापत्रकाचा शब्द आहे. दर्यावर कधी निघायचे आणि कधी निघायचे नाही, हे सांगणारा.

यातले 'कधी निघायचे नाही' मला जास्त महत्त्वाचे वाटते. पंधराव्या शतकात जुल्फारमध्ये, म्हणजे आजच्या रास अल खैमाजवळ, अहमद इब्न माजिद हा मोठा दर्यावर्दी होऊन गेला. 1490च्या सुमारास त्याने 'किताबुल फवाइद' हा नौकानयनावरचा ग्रंथ लिहिला. नैऋत्येचा वारा भरात असतो तेव्हा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याची बंदरे सुमारे तीन महिने बंद. त्या काळाला हे लोक 'गल्क अल-बहर' म्हणत. गल्क म्हणजे दार लावून घेणे. दर्याचे दार लागले की शहाण्या नाखव्याने ते ठोठवायचे नाही.

हे दार लागताना पाहायचे असेल तर मेअखेरीस सातपाटीला जावे. पालघरहून शिरगाव ओलांडले की वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास येतो आणि मग खाडी दिसते. पलीकडे मुरबे. खाडी गाळाने भरत आल्यामुळे भरती असल्याशिवाय मोठी होडी आत येत नाही. या दिवसांत एकेक होडी भरतीवर आत येते आणि किनाऱ्याला चढते. जाळी घरी जातात, इंजिन खोलले जाते, बुडाला चिकटलेला शिंपल्यांचा थर खरवडला जातो, फळ्यांचे सांधे तपासले जातात. शेवटी वरून ताडपत्री. या कामाला शब्द आहे 'शाकारणे'. पावसाआधी घर शाकारतात, तशीच होडी शाकारतात. होडी हेही घरच, फक्त वर्षातले काही महिने जमिनीवर असणारे.

होडी चढवायची तर उधाण हवे, आणि उधाण चंद्रावर. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पुनवेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. गावागणिक थोडे पुढे-मागे. आमच्या चांदच्या तारखेत एक, क्वचित दोन मिळवले की तिथी हाती येते. म्हणजे घरात कालनिर्णय टांगलेले असो की हिजरी कॅलेंडर, भरती दोघांनाही एकाच वेळी सापडते. मोसम मात्र हिजरी महिन्यांत सापडत नाही. ते वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. इब्न माजिदसारखे दर्यावर्दीही हंगामाचे दिवस हिजरी तारखांनी मोजत नसत, नौरोजपासून, सूर्याच्या हिशेबाने मोजत. नमाज-रोजा चंद्रावर, सफर सूर्यावर. दोन्ही पंचांगे एकाच होडीत बसत आणि कोणी कोणाला उतरवत नसे.

सातपाटी हे होड्यांच्या जगात नाव असलेले गाव. मासेमारीच्या पुस्तकांत वेसावे पद्धतीच्या होडीशेजारी 'सातपाटी पद्धतीची' होडी असते. ती शिडावर चालायची तेव्हा दार लावण्याचे काम वारा करी. इंजिन आले आणि दाराची कडी आपल्या हातात आली. त्यानंतर कायद्याची गरज पडली. आज पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. ही सूट मला फार बोलकी वाटते. ज्याला वारा अडवतो त्याला सरकारने अडवायची गरज नाही.

एका वयस्कर तांडेलाने हेच मला एका वाक्यात सांगितले होते: "वारा मालक होता तोवर कायदा लागत नव्हता, सर."

प्रश्न पापलेटचा आहे. सातपाटीची ओळख हा मासा. 2023 मध्ये तो महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. रुपेरी पापलेटसाठी 135 मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचे नाही. मानाचा तुरा आणि मोजपट्टी एकाच वर्षी यावी, यात मासा कोणत्या हालात आहे ते आले. बंदी 15 मेपासूनच लागू करा, अशी मागणी मच्छीमार संघटनांनीच वेळोवेळी केली आहे. पोट ज्याच्यावर चालते तोच म्हणतो, मला लवकर थांबवा. पण थांबलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची बोट बाहेर पडत असेल, तर थांबण्याची किंमत तो एकटाच मोजतो. गस्त दमदार हवी ती यासाठी.

पण प्रत्येक लाटेवर गस्तीनौका उभी करता येत नाही. बंद खोलीत, माठ समोर असताना, रोजेदार पाणी का पीत नाही? कोणी पाहत नसते. तो थांबतो, कारण थांबायचे त्याने स्वतः कबूल केलेले असते, आणि मगरीब होणार याची त्याला खात्री असते. दर्याचा रोजा 61 दिवसांचा. तो सुटला की श्रावणात पुनवेला नारळ दर्यात जातो. वाऱ्याच्या भीतीने पाळलेली बंदी सोपी होती. आता ती नीयतने पाळायची आहे, उर्दूतल्या नीयतने. मराठीतला 'नियती' हा कानाला जवळचा वाटला तरी वेगळा, संस्कृत शब्द आहे, त्याचा अर्थ नशीब. मुलांना मी सांगतो, उर्दूतल्या नीयतचा अर्थ मनाचा इरादा. पापलेटचे पुढे काय होणार, ते यांतला कोणता शब्द आपण धरतो त्यावर आहे.