कोणती शाई कशासाठी

व्यापारी घराण्यात शाईला नेहमीच मान होता, कारण ती शब्दाची हमी होती. वहीतील आकडा पुसट झाला की व्यवहाराचा पुरावाही पुसट होतो. आपल्या ग्रंथभांडारांतही हाच विवेक दिसतो. पाटण-जैसलमेरची भांडारे असोत वा विदर्भातील कारंजा लाडची, तेथील हस्तलिखितांच्या लेखनिकांनी काळ्या अक्षरांसाठी मुख्य भर काजळीच्या शाईवर ठेवला. काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने विटत नाही, हवेने बदलत नाही. डिंकात खलून बरूने लिहिलेली अशी अक्षरे शतके उलटली तरी काळीच राहिली.

वनस्पतींच्या शाईचा स्वभाव अगदी निराळा. तो समजून घेण्याची वेळ तालुक्याच्या गावातील एका श्राविकेवर उतारवयात आली. पतीच्या निधनानंतर त्यांचे काष्ठौषधींचे दुकान बंद झाले. मुलगा पुण्यात नोकरीला. गादीवर बसणारे कोणी उरले नाही. उरला तो फळीवरच्या डब्यांतील हिरडा, कात, मंजिष्ठा, हिराकस, तुरटी, बाभळीचा डिंक आणि लाल कापडी बांधणीची, अर्धीच भरलेली शेवटची खतावणी. मुलाने ती रद्दीत देण्याचे सुचवले. त्यांनी ती ठेवून घेतली आणि मागील कोऱ्या पानांची चित्रवही केली. खतावणीचा कागद शाई फार शोषत असे, म्हणून पानांना आधी तांदळाची पातळ खळ देऊन ती वाळवली.

कृती साधी आहे. डाळिंबाच्या मूठभर साली दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर निम्मे पाणी उरेपर्यंत उकळायच्या, मलमलीतून गाळायच्या, चिमूटभर तुरटी आणि थोडा डिंक घालायचा. पिवळी शाई तयार होते. तीत हिराकसाचा कण पडला की हिरवट करडी छटा येते. कातापासून तांबूस तपकिरी आणि मंजिष्ठा-तुरटीपासून लाल रंग मिळतो. गोकर्णीच्या फुलांची निळी शाई लिंबाच्या थेंबाने जांभळी होते. हळदीची पिवळी शाई चुन्याच्या निवळीने लाल होते. हिराकस पोटात जाण्याजोगा नाही, म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवावी लागतात.

या कामात अहिंसेचा विचार पावलोपावली येतो. लाखेचा आणि कोचिनीलचा लाल रंग कीटकांपासून निघतो. तो त्यांनी घेतलाच नाही. मंजिष्ठा हे मूळ आहे. दुकानात होते तेवढे वापरले, नवे आणले नाही. पारिजातकाची फुले पहाटे आपोआप गळतात. त्यांच्या देठांचा केशरी रंग त्यांना सर्वांत प्रिय झाला. वनस्पतींच्या शाईला लवकर बुरशी धरते. लवंग घातल्याने ती थोडी लांबते, तरीही त्या एका दिवसाला पुरेल एवढीच शाई करीत. शिळे न ठेवण्याची घरातील जुनी शिस्त येथेही उपयोगी पडली.

पहिल्याच वर्षी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. खिडकीजवळ उघडी राहिलेली हळदीची फुले काही आठवड्यांतच फिकी पडली. त्या खिन्न झाल्या. पण व्यापाऱ्याच्या घरात खिन्नतेचाही हिशेब मांडला जातो. प्रत्येक शाईची एकेक पट्टी कागदावर ओढून तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकायचा आणि कागद उन्हाच्या खिडकीत ठेवायचा, असे त्यांनी सुरू केले. दिवाळीला पुठ्ठा काढला की झाकलेला आणि उघडा भाग शेजारीशेजारी दिसत. दोहोंतील फरक म्हणजे त्या रंगाचा घसारा. चित्रवहीत डाव्या बाजूला जमा : वनस्पती, तिथी, कोठून मिळाली. उजवीकडे नावे : उन्हाने किती नेले. हळदीचा घसारा सर्वांत मोठा निघाला, मंजिष्ठेचा बराच कमी. हिरडा-हिराकसाची शाई उलट वागली. लिहिताना फिकी, पुढे हवेने गडद काळी. तिचा दोष वेगळा : हिराकस अधिक झाला तर ती काळांतराने कागदच खाते.

टिकाऊ आणि एकसारख्या रंगाची ओढ जगाच्या बाजारालाही होतीच. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन यांना कोळशाच्या डांबरातील पदार्थांपासून जांभळा रंग मिळाला. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि पुढे हिंदुस्थानातील निळीचा व्यापार ओसरला. त्या बदलाने सोय झाली, कापड स्वस्त झाले. मात्र रंग विटतो हे रोज डोळ्यांनी पाहण्याची सवय सुटली. बारा भावनांतील अनित्य भावना मुखोद्गत असणे निराळे आणि तिची नोंद स्वतःच्या हाताने नावे बाजूला करणे निराळे.

त्या खतावणीच्या पुढील भागात पतीच्या हस्ताक्षरात काही खाती येणे बाकी होती. कोणी खेड्यातला वैद्य, कोणी बाळंतिणीसाठी डिंक-सुंठ उधार नेलेला मजूर. पत्रे पाठवावीत, निदान निम्मे तरी वसूल होईल, असे मुलाचे मत होते, आणि व्यवहार म्हणून ते चुकीचे नव्हते. क्षमापनेच्या दिवशी त्यांनी मुलाला शेजारी बसवले. प्रत्येक खात्याच्या आकड्यांना धक्का न लावता भोवती हळदीची बारीक वेल काढली. मग दुसरी वाटी पुढे ओढली. तीत काजळी होती. मुलाने विचारले, "आई, इथे काळी शाई कशाला? सगळे तर फुलांचेच चालले आहे."

"वेल माझ्या हौसेची आहे, ती उडाली तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण सोडलेले येणे उद्या कोणी पुन्हा मागू नये." आणि बरूने प्रत्येक खात्याखाली त्यांनी लिहिले : येणे माफ, खाते पूर्ण. मुलाने एकदा आकड्यांवरून नजर फिरवली आणि शेवटच्या ओळीखाली स्वतःची सही केली.

काय विटू द्यावे आणि काय विटू देऊ नये, हे कळणे हाच त्या चित्रवहीचा नफा. हौस, मोठेपणा आणि दुखावले गेल्याची आठवण यांसाठी हळद पुरे. दिलेला शब्द आणि केलेली क्षमा यांसाठी मात्र काजळीच घ्यावी.