कृपेचे सहा गुण

शाळेत 'ग्रेस' हा शब्द आम्ही वर्षातून एकदाच उच्चारतो. निकाल लावायच्या दिवशी, आणि तोही दार लोटून घेऊन. कोणाला किती गुण कमी पडतात, कोणाला वर ढकलायचे, कोणाला ठेवायचे, याचा खल दोन-चार तास चालतो. चहाचे कप रिकामे होतात आणि काही मुलांची वर्षे वाचतात. माझे स्वतःचेही एक वर्ष असेच वाचलेले आहे. दहावीला (आमच्या घरात तिला अजून मॅट्रिकच म्हणतात) गणितात मी जो पार पडलो, तो चार गुणांच्या कृपेने. ती गुणपत्रिका मी अद्याप कोणाला आपणहून दाखविलेली नाही.

तेव्हा ग्रेस म्हणजे काठावर आलेल्याला दिलेला हात, असा माझा साधा समज होता. तो समज आमच्या शेजारच्या पाळकसाहेबांनी गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता घालविला.

पाळकसाहेब आता निवृत्त आहेत. नगरला (हल्ली कागदोपत्री अहिल्यानगर) त्यांच्या तीन पिढ्या गेल्या. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला स्थिरावले. त्या मिशनच्या शाळेत त्यांचे आजोबा शिकले. दिवाळीला आमच्या घरचे ताट त्यांच्याकडे जाते, नाताळात त्यांच्याकडचे आमच्याकडे येते. दोन्ही ताटांत करंज्या असतात आणि त्यांच्या करंज्या अधिक खुसखुशीत असतात, हे मला घरात बोलता येत नाही.

मी ग्रेसच्या गुणांची कथा सांगितली तेव्हा ते हसले. म्हणाले, "मास्तर, तुमची ग्रेस पस्तिसाच्या जवळ पोचलेल्याला. आमची ग्रेस शून्य मिळवलेल्याला. सगळाच पेपर कोरा. आणि परीक्षकानं पेपर तपासायच्या आधी, किंबहुना शाळा बांधायच्याही आधी, कोणाला पास करायचं ते ठरवलेलं."

"मग मुलानं अभ्यास कशाला करायचा?" मी विचारले. मास्तर दुसरे काय विचारणार?

"तेच मी चाळीस वर्षं विचारतेय," आतून मावशींचा आवाज आला.

या मावशी म्हणजे पाळकीणबाई. त्यांचे माहेर पुण्याचे, आणि मेथडिस्ट. इथे थोडे थांबून सांगायला हवे. पाळकसाहेबांचे मिशन मॅसॅच्युसेट्समधल्या मंडळींनी काढलेले. त्यांची मूळ परंपरा कॅल्व्हिनची. माणूस पापाने इतका पंगू झाला आहे की देवाकडे वळण्याची इच्छासुद्धा त्याला आपणहून होत नाही. देव ज्यांना निवडतो त्यांचे तारण होते, आणि ती निवड त्यांच्या गुणांकडे पाहून केलेली नसते, असे ती परंपरा सांगते. मेथडिस्ट हे वेस्लीचे अनुयायी. विल्यम टेलर हा त्यांचा प्रचारक १८७१ साली मुंबईत उतरला. त्यांचे म्हणणे असे की, ख्रिस्त सर्वांसाठी मेला, हाक सर्वांनाच आहे, आणि त्या हाकेला 'नाही' म्हणण्याची मोकळीक माणसाला दिलेली आहे. १९७० साली नागपूरला बऱ्याच मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. त्याची कारणे निराळी होती, पण पाळकसाहेब म्हणतात, "आमच्या घरातही तीच परिस्थिती."

मला आपल्याकडचा जुना दृष्टान्त आठवला. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत याच प्रश्नावरून वडकलै आणि तेंगलै असे दोन पंथ झाले. एक म्हणतो, भक्त माकडाच्या पोरासारखा असतो. आईला त्याने स्वतः घट्ट धरावे लागते. दुसरा म्हणतो, भक्त मांजराच्या पिलासारखा. आईच त्याला मानेला धरून नेते. मी हे सांगितले आणि मावशींनी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट केले. त्यांच्या मांजरीला चारच दिवसांपूर्वी पिले झाली होती.

"हे बघा, तिनं उचललं की पिलू अंग सैल सोडतं. ते सोडणं म्हणजे काही करणं आहे की नाही?"

"सोडण्याचं बळ त्याला कुणी दिलं?" पाळकसाहेब म्हणाले.

"देवानंच दिलं. वेस्लीही तेच म्हणतो. आधी कृपा येते, मग माणसाचा हात पुढं होतो."

"मग भांडण कशाचं?"

"हात मागं घेता येतो का नाही, त्याचं."

अवघा वाद इतक्या थोडक्यात मी पुढे कोठल्याही ग्रंथात वाचला नाही.

त्यांच्या भिंतीवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे छायाचित्र आहे. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना टिळकांना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. "ठरलेलंच होतं," असे पाळकसाहेब म्हणतात. "पण पुस्तक खिडकीबाहेर टाकता आलं असतं की," मावशी म्हणतात, "आणि लक्ष्मीबाई कुठं लगेच गेल्या बरोबर? त्यांनी आपला वेळ घेतला."

कादंबऱ्या लिहिणारा माणूस असल्या वादात हकनाक गुंततो. आपण निर्माण केलेली पात्रे आपलेच ऐकत नाहीत, हा अनुभव मला नित्याचा. पण माझ्या पात्रांना नरकात जावे लागत नाही. फार तर प्रकाशकाकडून परत यावे लागते.

हा वाद नेहमीच असा करंज्यांच्या ताटाशेजारी झालेला नाही. हॉलंडमध्ये आर्मिनियस नावाच्या प्राध्यापकाच्या शिष्यांनी १६१० साली कॅल्व्हिनच्या मताविरुद्ध पाच कलमे मांडली. त्यांचा निकाल लावायला डॉर्ट शहरात नोव्हेंबर १६१८ पासून मे १६१९ पर्यंत धर्मसभा बसली आणि निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. त्यांचा पाठीराखा ओल्डनबार्नेव्हेल्ट हा एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी. त्याच मे महिन्यात त्याचा शिरच्छेद झाला. राजकारण त्यात पुष्कळच होते. ग्रोशियस या पंडिताला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये त्याच्या बायकोने त्याला पुस्तकांच्या पेटीत घालून किल्ल्याबाहेर काढले. पुस्तकांचा असाही उपयोग होतो, हे मी वर्गात अजून सांगितलेले नाही.

परंतु माझे मन रमले ते वेस्ली आणि व्हिटफील्ड यांच्या गोष्टीत. पाळकसाहेबांनी ती सांगितली आणि पुढे महिनाभर मी त्यांच्या कपाटातली पुस्तके शब्दकोश घेऊन वाचीत होतो.

दोघे ऑक्सफर्डचे मित्र. वेस्ली धर्मगुरूचा मुलगा, वयाने अकरा वर्षांनी मोठा. व्हिटफील्ड खानावळवालीचा मुलगा. श्रीमंत विद्यार्थ्यांची पडेल ती कामे करून शिकलेला, आपल्याकडच्या माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलासारखा. १७३९ साली व्हिटफील्डने ब्रिस्टलजवळ किंग्जवुडला उघड्या माळावर कोळसाखाणीतल्या मजुरांना उपदेश केला. त्यांच्या काळ्या गालांवरून अश्रूंचे पांढरे ओघळ उतरले, असे वर्णन आहे. आवाज तर असा की, फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने मागे मागे चालत जाऊन तो कोठवर ऐकू येतो ते मोजले आणि तीस हजारांहून अधिक माणसांना ऐकू जाईल असा हिशेब काढला. वेस्लीला माळावर बोलायला लाज वाटत होती. व्हिटफील्डनेच त्याला ओढून आणले.

आणि मग बिनसले. व्हिटफील्ड देवाच्या निवडीचा पुरस्कर्ता, वेस्ली तिचा कट्टर विरोधक. निवडीविरुद्ध प्रवचन करावे की न करावे, छापावे की न छापावे, हे वेस्लीला ठरविता येईना. तेव्हा त्याने काय केले असेल? चिठ्ठ्या टाकल्या! चिठ्ठी निघाली: बोल आणि छाप. माझे आजोळ कोकणातले. तिथे देवाला फुले लावून उजवे पडते की डावे, असा कौल घेतात, तो मी लहानपणी श्वास रोखून पाहिला आहे. म्हणून मला या गृहस्थाविषयी एकदम आपलेपणा वाटला. माणसाच्या मोकळ्या इच्छेची बाजू मांडायची की नाही, हे ज्याने चिठ्ठीवर सोपविले, तो हा मोकळ्या इच्छेचा वकील! आणि व्हिटफील्ड? देवाने कोणाला निवडायचे ते आधीच निवडले आहे असे मानणारा हा माणूस अटलांटिक महासागर तेरा वेळा ओलांडून, घसा फुटेस्तोवर, एकेका माणसाला विनवीत राहिला. जणू सगळे त्या माणसाच्या 'हो'वरच अडले होते.

भांडण कडू झाले. व्हिटफील्डने २४ डिसेंबर १७४० या तारखेचे उत्तर छापले आणि वेस्लीचे चिठ्ठ्यांचे गुपित चव्हाट्यावर आणले. पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाला. त्याचे दुसरे एक खासगी पत्र कोणी परस्पर छापून वेस्लीच्या सभेच्या दाराशी वाटले. वेस्लीने ते सर्वांदेखत फाडले. व्हिटफील्ड इथे असता तर त्यानेही हेच केले असते, अशा अर्थाचे काही तो बोलला. दोन मिनिटांत सभेतली सगळी पत्रे फाटली. दोघांची मते बदलली नाहीत, पण मैत्री हळूहळू परत आली. १७७० साली व्हिटफील्ड मॅसॅच्युसेट्समध्ये वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे लंडनमधले स्मृतिप्रवचन वेस्लीने केले.

एक गोष्ट मात्र मला गिळवत नाही. जॉर्जियात गुलामगिरीला परवानगी मिळावी म्हणून खटपट करणाऱ्यांत व्हिटफील्ड होता, आणि त्याने स्वतः गुलाम बाळगले. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. पाळकसाहेबांना मी हे विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

जिभेवर एक आणि हातात दुसरे, अशा त्या दोघांना मी मनसोक्त हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र हसू ओसरले. वर्गात मी रोज सांगतो, "मनात आणलंस तर तुला जमेल." आणि चार वर्षांपूर्वी, निकालाच्या दिवशी, दार लोटून घेतलेल्या त्या खोलीत मी काय म्हणालो होतो?

नववीचा मुलगा. एका विषयात सहा गुण कमी. नववीचा निकाल शाळेच्याच हातात असतो. मी वर्गशिक्षक, माझा शब्द चालला असता. मी म्हणालो, "देऊन काय उपयोग? हा वर यायचाच नाही. त्याच्यात ते नाहीच." मागे वळून पाहिले तर तो पाण्याचा जग घेऊन दारात उभा. शिपाई रजेवर म्हणून मीच त्याला पाणी आणायला पाठविले होते. त्याने जग टेबलावर ठेवला, सांडू न देता, आणि गेला. जूनमध्ये तो शाळेत आला नाही.

त्याच्या गावी मी एकदा जाऊन आलो. घरी आजी होती. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? त्याच्या कपाळीच नव्हती शाळा." मी चहा घेतला आणि परत आलो. येताना एस.टी.त मला झोप लागली. चांगली गाढ झोप.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना सांगितले आणि वर म्हणालो, "म्हणजे त्या खोलीत मी तुमच्या कॅल्व्हिनच्या पक्षाचा झालो होतो."

ते प्रथमच माझ्यावर रागावले. "कॅल्व्हिनचं नाव घेऊ नका. अमका निवडलेला नाही, हे माणसाला कळतं, असं त्यानं कधी म्हटलेलं नाही. ती यादी देवापाशी असते. तुम्ही ती मोठ्यानं वाचून दाखवलीत."

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला. "गाव लांब आहे का फार?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. आजी ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. नातू मुकादमाकडून उचल घेऊन बायकोसह ऊसतोडीला गेला होता. टोळी दोन दिवसांपूर्वीच कारखान्यावर रवाना झाली होती. तिने डबा घेतला, आणि पुन्हा तेच म्हणाली, "लिहिलेलं असतं, गुरुजी. तुम्ही काय करणार?"

"नाही, आजी," मी म्हणालो. "मी त्याला सहा मार्क दिले नाहीत."

तिला ऐकायला कमी येते. "काय दिलं न्हाई?"

"मार्क. सहा मार्क. देता येत होते."

तिने हातातले सूप खाली ठेवले. माझ्याकडे बराच वेळ पाहिले. रागाने नव्हे, हिशेब नीट समजून घ्यावा तसे.

"मग आता द्या की," ती म्हणाली.