मसूरचा रस्ता

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरच्या दीक्षाभूमीपासून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत मी एकट्याने सायकलप्रवास केला. यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, पंढरपूर असा मार्ग ठरविला होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाने मे महिन्यात असे धाडस करावे काय, याविषयी घरी आणि शिक्षक-कक्षात पुष्कळ चर्चा झाली. तिचा वृत्तांत येथे देत नाही. संपूर्ण प्रवासाचे वर्णन करण्यास स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत, म्हणून केवळ सोळाव्या दिवसाविषयी लिहितो. त्या दिवशी वडूजहून निघून पुसेसावळीमार्गे मसूरला पोहोचावयाचे होते. कोकणात उतरण्यास याहून सोयीचे रस्ते आहेत. हा मी मुद्दाम निवडला होता.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनातील पहिला प्रसंग आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. साधारण 1901 चा सुमार. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास निघाली. सायंकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला पोहोचली. न्यावयास कोणीही आले नव्हते. अंगावर चांगले कपडे असलेल्या त्या मुलांची स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली, परंतु जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. कोणी गाडीवान मिळेना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालू. मध्यरात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाका लागला. तेथे पाणी मागितले, ते मिळाले नाही. मुले दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुक्कामी पोहोचली.

हा प्रसंग नववीच्या वर्गात शिकवीत असताना वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्यांच्याजवळ डबा होता ना? मग ती उपाशी का झोपली?” मी सांगितले, पाणी नव्हते म्हणून. त्याचे समाधान झाले नाही. पाणी नसले म्हणून जेवण का अडावे, हे त्याला उमगेना. आपल्या शाळेत नळ सोडला की पाणी येते. त्याला हे उमगू नये याचा मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी काळजीही वाटली. ते उत्तर मला स्वतःलाही पुस्तकातूनच ठाऊक होते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक कुतूहल होते. इंग्रजी मजकुरात मुक्कामाचे नाव ‘कोरेगाव’ असे छापलेले आढळते, परंतु ते खटाव तालुक्यात असल्याचेही तेथेच म्हटले आहे. कोरेगाव हे तर स्वतःच तालुक्याचे ठिकाण. त्याचे रेल्वेस्थानकही साताऱ्याहून येताना मसूरच्या आधी लागते. कोरेगावला जाणारा मनुष्य मसूरला कशासाठी उतरेल? चरित्रकार धनंजय कीर ‘गोरेगाव’ लिहितात, तेच ग्राह्य मानले पाहिजे. एका अक्षराने माणूस किती दूर जाऊन पडतो पाहा.

वडूजला 1942 च्या हुतात्म्यांना अभिवादन करून सकाळी सहाला निघालो. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. माझी सायकल साधी, बिनगिअरची; मागच्या कॅरिअरवर पथारी, हवेचा पंप, पंक्चरचे साहित्य आणि पाण्याच्या दोन बाटल्या. हा सारा मुलूख अवर्षणाचा. आता जिहे-कठापूरसारख्या योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढविले जात आहे, तरी मे महिन्यात माळरानाचा रंग बदलत नाही. येथेच दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलावाचे काम काढले होते आणि सुभेदार रामजी त्या कामावर खजिनदार होते. वडील पाणी साठविण्याच्या कामावर आणि त्यांची मुले त्याच वाटेवर घोटभर पाण्याला महाग! हा विरोधाभास पाठ्यपुस्तकात येत नाही. कारण तेथे दुष्काळ एका प्रकरणात असतो आणि अस्पृश्यता दुसऱ्या.

पुसेसावळीच्या अलीकडे लिंबाखाली सायकल लावली. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा सोबत होता. पाण्याला हात न लावता जेवावयाचे, असे ठरविले होते. पहिला तुकडा कसाबसा गिळला. दुसरा तोंडातच फिरत राहिला. घशात कोरडे पीठ बसावे तसे झाले आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आणले. चौथा घास मी खाली ठेवला. त्या विद्यार्थ्याचे उत्तर मिळाले होते, तरी याला मी तहान म्हणणार नाही. भरलेली बाटली हाताच्या अंतरावर असताना लागते ती तहानेची नक्कल होय.

बाटलीतील पाणी मात्र उन्हाने चहासारखे तापले होते. पुढे रस्त्यालगतच्या वस्तीवर थांबलो. अंगणातील बाईंनी न मागताच तांब्याभर गार पाणी आणले. “बसा की सावलीला. ह्या उन्हाचं कुठनं आलासा?” मी नागपूर म्हणताच पडवीतील आजोबा उठून बसले. सायकलीकडे पाहून झाले, वय विचारून झाले. मग ते म्हणाले, “पाव्हणं, आडनाव काय म्हनायचं?”

सोळा दिवसांत हा प्रश्न किती वेळा आला, ते मोजले नव्हते. प्रथम पाणी, मग आडनाव. पूर्वी हा क्रम उलटा होता, एवढा फरक पडला आहे आणि तो लहान नाही. मी आडनाव सांगितले. आम्ही बौद्ध आहोत, बाबासाहेब मसूरहून ज्या रस्त्याने आले तो पाहावयास निघालो आहे, हेही सांगितले. आजोबा काही बोलले नाहीत. माझी नजर तांब्यावर होती. पन्नास वर्षांची ही सवय. धम्म स्वीकारलेल्या घरात जन्मूनही सुटलेली नाही. बाईंनी तोच तांब्या उचलला, माझ्या बाटल्यांतील कढत पाणी तुळशीजवळच्या झाडांना ओतले आणि दोन्ही भरून दिल्या. आजोबांनी नंतर एवढेच विचारले, “ह्याच रस्त्यानं आलं व्हतं? आमाला कुनी सांगितलं न्हाई कधी.”

शामगावच्या घाटात मी उतरत होतो. त्या मुलांना तो बाजूचा डोंगर अंधारात चढावयाचा होता. पायथ्याशी ब्रेक दाबून थांबलो. तो टोलनाका नेमका कोठे होता हे दाखविणारी कोणतीही खूण तेथे मला दिसली नाही. रस्ता रुंद झालेला, उसाचे ट्रॅक्टर जाऊन डांबर उखडलेले. पुसेसावळीहून मसूरला पोहोचण्यास सायकलीवरून मला तीन तासही लागले नाहीत. मुलांना साऱ्या वाटेस एक आख्खी रात्र लागली होती.

मसूर स्थानकात पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. फलाटावर पाचेक प्रवासी बसले होते. पाचपर्यंत मी तेथील बाकावर बसून राहिलो. त्या अवधीत माझ्याशी कोणी बोलले नाही, मीही कोणाशी बोललो नाही. नंतर वहीत वेळ नोंदविली, मागच्या चाकात हवा भरली आणि उजेड आहे तोवर कऱ्हाड गाठावे म्हणून निघालो.