बारडोलीत 122 वार

नंदुरबार, नवापूर, व्यारा आणि मग बारडोली. ताप्ती लाइनने खानदेशातली माणसं ऊसतोडीपासून बँकेतल्या नोकरीपर्यंत नाना कामांसाठी इकडे येतात. प्रस्तुत लेखक (म्हणजे मीच) बदली होऊन आले आणि दलालाच्या स्कूटरवर मागे बसून घरं बघत फिरू लागले.

पसंत पडलेला फ्लॅट दलालाच्या तोंडी 122 वार होता. एक चौरस वार म्हणजे 9 चौरस फूट. हिशेब 1,100च्या घरात जातो. लेखकाने टेप लावली, तर आतली जागा जेमतेम 640 फूट भरली. बाकीचे फूट जिना, लिफ्ट, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंतींनी खाल्ले होते. हे सगळं धरून सांगितलेल्या मापाला ‘सुपर बिल्टअप’ म्हणतात. 2016च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या बांधून दिली, तरी भाड्याच्या बाजारात फुगवलेला आकडाच अजून खपतो. लेखकाने भाड्याची घासाघीस 640 धरून केली. दलालाचा चेहरा पडला.

आकड्यांची घासाघीस इथे नवी नाही. या तालुक्याने आकड्यांवरून सरकारशी भांडण मांडलेलं आहे. 1927मध्ये इथला शेतसारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढला. सेटलमेंट कमिशनर अँडरसनने वाढीची शिफारस करताना मुख्य आधार घेतला तो जमिनींच्या खंडाचा, म्हणजे शेतं कसायला देताना ठरलेल्या रकमांचा. पुढच्या वर्षी वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, जमिनी जप्त झाल्या, मग तडजोड होऊन चौकशी बसली. चौकशी करणारे अधिकारी ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल गावोगाव फिरले, तेव्हा खंडाचे आकडे नीट तपासलेलेच नव्हते असं निघालं. वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली.

घरमालक काकांनी चहा मागवला आणि मसुदा पुढे केला. मथळा ‘लीव्ह अँड लायसन्स’, मुदत अकरा महिने.

“अकराच का, काका?”

“बधा एम ज करे छे, भाई.”

सगळे तसंच करतात याला कारण आहे. 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांत ती कटकट आणि खर्च टळतो. शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या नंदुरबारात मात्र ही युक्ती चालत नाही. महाराष्ट्राच्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची.

मथळ्याचंही तसंच. भाडेपट्ट्यात जागेच्या वापराचा हक्क भाडेकरूकडे जातो. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, ताबा कायद्याने मालकाचाच. मालकांना अर्थातच दुसरं आवडतं. पण वरती काय लिहिलंय यावर कोर्ट थांबत नाही. दिल्लीच्या इम्पिरियल हॉटेलातल्या क्लोकरूममध्ये केशकर्तनाचा धंदा चालायचा. करार लायसन्सचा होता. 1959मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टाच ठरवला, कारण त्या खोल्यांचा एकट्याने ताबा त्या धंदेवाल्याकडे होता.

काकांशी खरी जुंपली ती ‘लॉक-इन’वर. सहा महिने भाडेकरूने सोडायचं नाही. मालकाने मात्र वाटेल तेव्हा एका महिन्याच्या नोटिशीने काढावं! लेखकाने कलम दोन्ही बाजूंना सारखं करून मागितलं. काकांनी मुलाला फोन लावला, बराच वेळ गुजरातीत खल झाला आणि ‘उभयपक्षी’ हा शब्द पेनाने आत आला. अनामत दोन महिन्यांची ठरली. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडे कायद्यातही राहत्या घराला तेवढीच मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारल्याखेरीज तो कायदा लागू होत नाही. इथे ती काकांच्या मर्जीने मिळाली.

शेवटचा वाद रंगाचा. घर सोडताना अनामतीतून रंगाचे पैसे कापायचे, असं मसुद्यात होतं. रोजच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळावी, असं लेखकाने लिहवून घेतलं. त्याच्या बदल्यात काकांनी स्वतःचं एक कलम घातलं: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. गणपतीच्या तसबिरीचं काय, यावर मग काकूंनी आतून सांगितलं, देवाला एक चालेल.