दानपेटीतला रुपया गावाकडे वळतो तेव्हा

आमचं गाव शेगावच्या पंचक्रोशीतलं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात वसलेलं. विहिरींचं पाणी खारं, त्यामुळे ओलिताची शेती नावालाच. पाऊस बरा झाला तर कपाशी आणि तूर हाती लागते, मागाहून ओलीवर हरभरा येतो. गावातल्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. बाहेरचा पैसा गावात येण्याच्या वाटा मी मोजल्या आहेत: कपाशीचा चुकारा, सरकारी योजना, पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्या पोरांनी पाठवलेले पैसे. चौथी वाट शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची. तिच्यावरून काय आलं आणि कसं आलं, हे जवळून पाहिलं, म्हणून लिहितो आहे.

आधी आले टाळ-मृदंग. गावात भजनाची परंपरा जुनी, पण साहित्याची दशा झाली होती. मृदंगाची शाई उडालेली, टाळांच्या जोड्या जुळेनात, वीणा तर नव्हतीच. एकादशीला चार माणसं जमायची आणि लवकरच पांगायची. संस्थान गावोगावच्या भजनी मंडळांना साहित्य देतं, हे एका कीर्तनकार बुवांकडून कळलं. आम्ही मंडळ बांधलं, सभासदांची नावं लिहिली आणि अर्ज केला. यथावकाश बोलावणं आलं. मंडळातली माणसं शेगावला गेली आणि वीणा, मृदंग, टाळांच्या जोड्या घेऊन आली. सोबत ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकोबांची गाथा होती.

रोख रक्कम मिळाली असती तर काय झालं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ती कोणाच्या हाती द्यायची यावरून गावात दोन तट पडले असते. वस्तू आल्या आणि त्यांच्यासोबत काम आलं. मृदंग शिकवायला शेजारच्या गावाहून एक म्हातारे वादक येऊ लागले. शाळेतली पोरं संध्याकाळी देवळात बसू लागली. माझ्या वर्गात ज्याला पाढे येत नव्हते, तो मुलगा मृदंगावर चुकल्याशिवाय ठेका धरू लागला, आणि त्यानंतर वर्गातही त्याची मान वर राहू लागली. बायकांचं हरिपाठाचं वेगळं मंडळ उभं राहिलं. भजनाला एकत्र बसणारी माणसं गावच्या इतर कामांनाही एकत्र बसू लागली. कोणाचं घर जळालं, कोणाला अकोल्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर वर्गणी गोळा करायला हेच मंडळ पुढे व्हायचं. एका गावाला संस्थानानं जे दिलं, त्याची किंमत बाजारात फार नसेल. गावात त्यातून जे उभं राहिलं, त्याला बाजारभाव नाही.

हे सगळं चालतं कसं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. मी सेवेसाठी नाव दिलं. सेवेकऱ्यांची यादी लांबलचक असते, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागते. पाळी आली. पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी, आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणायचं. कधी महाप्रसादाच्या ठिकाणी वाढायचं, कधी दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, कधी चपला सांभाळायच्या, कधी झाडायचं. माझ्या गटात ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण होता, बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी होते आणि दोन शेतकरी होते. पहिल्याच दिवशी त्यांतले एक वयस्क शेतकरी मला म्हणाले, “गुरुजी, झाडू धरला का कमरेतून वाका. उभ्यानं कचरा ढकलल्या जाते, निघत नाही.” तेव्हापासून मी तसाच झाडतो, घरीसुद्धा.

सेवेकऱ्याला पगार नसतो. राहणं, जेवण आणि प्रसाद. संस्थानात पगारी माणसंही आहेत, पण एवढ्या मोठ्या गर्दीची व्यवस्था प्रामुख्यानं अशा विनामूल्य हातांवर चालते. संस्थानाच्या दानाचं मर्म मला इथं सापडलं. भाविक दानपेटीत टाकतो तो रुपया मंदिराच्या व्यवस्थेवरच संपून जात नाही, कारण त्या व्यवस्थेचा मोठा भार माणसं अंगमेहनतीनं उचलतात. वाचलेला रुपया पंचक्रोशीकडे वळतो. म्हणजे ज्यानं झाडू मारला, त्यानंही दान केलं. ज्याच्या खिशात देणगी द्यायला काही नाही, तोही दात्यांच्या रांगेत उभा राहतो. आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखात ही फार मोलाची गोष्ट आहे. इथल्या माणसाजवळ पैसा नसेल, पण पेरणी आणि वेचणीच्या मधल्या दिवसांत त्याच्याजवळ वेळ असतो आणि हातांत बळ असतं.

हा रुपया कुठं जातो? संस्थानाचे दवाखाने आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या आदिवासी वस्त्यांपर्यंत फिरतं वैद्यकीय पथक जातं. तिथं एसटी पोहोचणंही कठीण, त्यामुळे औषध दारात येणं म्हणजे काय, हे तिथल्या आयाच सांगू शकतील. मतिमंद मुलांसाठी विद्यालय आहे, अपंगांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. आमच्या गल्लीतला पोलिओनं पाय गेलेला एक मुलगा हात टेकत टेकत शाळेत यायचा. त्याला शेगावला नेल्यावर कॅलिपर मिळालं. तो उभा राहून चालायला लागला, तेव्हा त्याच्या आईनं मला विचारलं, “गुरुजी, आता याले सायकल येईन का हो?” त्या प्रश्नातली उमेद मला आजही बळ देते.

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. त्याच साली संस्थानानं शेगावात आपलं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलं. त्याआधी आमच्या भागातल्या पोराला इंजिनीअर व्हायचं तर अमरावती, नागपूर किंवा थेट पुणं गाठावं लागे. खोलीभाडं आणि खानावळीच्या हिशेबातच बापाचा धीर सुटायचा. महाविद्यालय जवळ आल्यावर माझे काही विद्यार्थी घरून डबा घेऊन रोज ये-जा करत शिकले. त्यांत एका सालदाराचा मुलगा होता. पहिल्या पगारातून त्यानं गावातल्या शाळेला पुस्तकांचं कपाट घेऊन दिलं. देणं असं पुढे सरकत राहतं.

हे संस्थान १९०८ साली, महाराजांच्या हयातीतच स्थापन झालं. महाराजांनी समाधी घेतली १९१० साली. पुढच्या काळात संस्थानाला आजचं रूप देण्यात विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांचा वाटा फार मोठा. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. भाऊ संस्थानाचं पाणीसुद्धा पीत नसत, असं सगळीकडे सांगितलं जातं. आम्हा सेवेकऱ्यांना या गोष्टीचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नाही. वर बसलेला माणूस स्वतःसाठी काही घेत नाही, असा विश्वास असला की खाली झाडणाऱ्याचा हात आखडत नाही. हिशेब चोख असावा, लेखापरीक्षण व्हावं, हे तर हवंच. पण लोक फुकट राबायला तयार होतात ते या विश्वासावर, आणि तो एकदा गेला तर कितीही देणग्या आल्या तरी परत उभा करता येत नाही.

महाराष्ट्रात मोठी देवस्थानं पुष्कळ आहेत. तिथं जमणाऱ्या पैशाचं काय करावं, यावर वाद होतात, आणि ते व्हायलाही हवेत. माझं सांगणं एवढंच आहे की, आधी आपल्या शिखरावरून दिसणाऱ्या गावांकडे बघावं. तिथल्या शाळेत, दवाखान्यात, भजनात, शिवारात काय कमी आहे ते विचारावं. द्यायचं ते माणसाला कामाला लावणारं असावं, आणि देण्याच्या कामात त्या गावांनाही हात घालू द्यावा. आमच्या मंडळाचा मृदंग मागं फुटला, तेव्हा आम्ही संस्थानाकडे नवा मागितला नाही. गावातच वर्गणी काढून पुडी चढवून घेतली. ती ऐपत आम्हाला त्या पहिल्या मृदंगानंच दिली होती.