पैसे कुठून आले? ‘कुठूनच नाही’!

अमेरिकेत रविवारी काय करायचं? मॉल, आउटलेट, ब्रंच... ऑप्शन भरपूर! अटलांटातला माझा मावसभाऊ तर लिस्टच करून बसला होता. मी म्हटलं, ‘दादा, मला माँटगोमेरीला जायचंय. चर्चमध्ये.’ त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी धर्म बदलायला निघालेय.

अटलांटाहून माँटगोमेरी गाडीने साधारण अडीच तास. अलाबामा राज्याची राजधानी, पण रविवारी सकाळी एकदम सुस्त. डेक्स्टर अव्हेन्यू चढत गेलं, की टोकाला पांढरंशुभ्र कॅपिटॉल दिसतं. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटलेल्या राज्यांच्या अध्यक्षाने १८६१ मध्ये इथेच शपथ घेतली होती. आणि तिथून हाकेच्या अंतरावर लाल विटांचं एक साधंसं चर्च. १९५४ ते १९६० या काळात मार्टिन ल्यूथर किंग इथले पास्टर होते. हो, १९५९ मध्ये भारतात आल्यावर मुंबईच्या मणिभवनात मुक्काम करणारे तेच किंग.

पुढची गोष्ट तुम्हाला शाळेपासून माहितीये. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी बसमधली सीट गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. तब्बल ३८१ दिवस! पण एक प्रश्न आपण कधी विचारतच नाही. एवढे दिवस ही हजारो माणसं कामावर गेली कशी? आणि त्याचा खर्च केला कुणी?

बरेच जण चक्क चालत गेले. बाकीच्यांसाठी लोकांनी आपापल्या गाड्या काढल्या, चर्चच्या नावाने स्टेशन वॅगन घेतल्या. लोक त्यांना ‘चाकांवरची चर्चेस’ म्हणायचे. आता गाड्या म्हटल्या की पेट्रोल आलं, टायर आले, इन्शुरन्स आला. देणग्या बाहेरूनही आल्या आणि चर्चमधल्या सभांतही चिल्लर जमत राहिली.

इथे एंट्री होते जॉर्जिया गिल्मोर या बाईंची. एका खानावळीत स्वयंपाकीण. बहिष्काराच्या दोनेक महिने आधी एका ड्रायव्हरने त्यांचे पैसे घेतले, मागच्या दाराने चढायला खाली उतरवलं आणि बस सरळ नेली! त्या दिवसापासून त्यांनी बस सोडलेलीच होती. मग मैत्रिणींनी मिळून १४ डॉलर काढले. चिकन, ब्रेड, लेट्यूस आणलं, सँडविच बनवून सभेत विकली. पुढे पाय आणि केकही सुरू झाले. पैसे थेट आंदोलनाला.

पण यातल्या कित्येक जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या. नाव कळलं, तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली! म्हणून ग्रुपचं नावच ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. कोणी काय बनवलं, कोणी विकत घेतलं, हे फक्त जॉर्जियाबाईंना ठाऊक. सभेत मात्र जमलेला आकडा मोठ्याने सांगायचा आणि टाळ्यांचा कडकडाट! शहराच्या दुसऱ्या भागातल्या बायकांनी ‘फ्रेंडली क्लब’ काढून चुरसही लावली. म्हणजे बघा, हिशोब उघड आणि नावं झाकलेली. आपल्याकडे नेमकं उलटं असतं ना?

स्वतः जॉर्जियाबाई मात्र लपल्या नाहीत. १९५६ मध्ये किंग यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांनी कोर्टात त्या ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. नोकरी गेली. मग किंग यांच्या मदतीने त्यांनी घरातच खानावळ थाटली.

ही सवय तेव्हाची नाही बरं का. गुलामगिरी कायदेशीर होती, तेव्हाच, १७८७ मध्ये, फिलाडेल्फियात गुलामीतून सुटलेल्या रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स यांनी एक संस्था काढली. सभासदाने महिन्याला एक शिलिंग द्यायचा. त्यातून आजारी माणसं, विधवा, अनाथ मुलं यांना आधार. पुढे त्याच लोकांतून कृष्णवर्णीयांची स्वतंत्र चर्चेस उभी राहिली. सगळीकडे दारं बंद असताना स्वतःचा पैसा स्वतः मोजायची हक्काची जागा हीच.

मी प्रार्थनेला बसले ते मात्र जवळच्याच एका लहान चर्चमध्ये. आज्या झोकदार हॅट घालून, हातात पुठ्ठ्याचे पंखे. गाणं सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा! मग दानाचं ताट फिरलं. थोड्या वेळाने पुन्हा फिरलं. पास्टरनी सांगितलं, हे आपल्यातल्याच एका अडचणीतल्या कुटुंबासाठी. नाव नाही, कारण नाही. शेजारच्या आजींनी नोट इतकी बारीक घडी करून टाकली, की किती ते मलाही दिसलं नाही.

आणि मी? माझा हात मोबाइलकडे गेला होता. ताटाचा फोटो... मस्त स्टोरी झाली असती! मागे पूरग्रस्तांना पैसे पाठवले, तेव्हाही आधी स्क्रीनशॉट स्टेटसला टाकला होता. पैसे खरे होते, पण वाट मी लाइक्सची पाहत होते. आजींच्या शेजारी बसून ते आठवलं आणि कान गरम झाले. मोबाइल पर्समध्ये टाकला. नोट काढली, चार घड्या घातल्या.

तुम्ही कधी गेलात, तर जॉर्जियाबाईंचं डेरिकोट स्ट्रीटवरचं घर नक्की बघा, बाहेर माहितीचा फलक आहे. प्रार्थनेला जाणार असाल तर कपडे नीटनेटके हवेत, ही माणसं रविवारी सजून येतात.

परतताना दादाने विचारलंच, ‘काय गं, किती टाकलेस?’ मी नुसती हसले. सॉरी, तो आकडा तुम्हालाही सांगणार नाही!